सोळा कोरी पानं

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, बावीस पायऱ्या. (पहिल्यांदा तेवीस भरल्या होत्या, म्हणून पुन्हा खाली जाऊन मोजल्या.) खिडकी पूर्वेला. भिंतीत दोन खुंट्या, एक लोखंडी कॉट आणि कॉटच्या रुंदीएवढी लांब एक उशी. घरमालकीणबाई म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूंनी टाकून दिलीय, नको असेल तर उचलते. मी इतक्या घाईने नको नको म्हटलं की त्या हसायलाच लागल्या. पण ठकी आली की आम्हाला अशीच उशी लागणार.

ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण, बारा वर्षांची. सध्या मामाकडे आहे. तिची परीक्षा संपली की दोन नोव्हेंबरला मामा तिला दुपारच्या गाडीत बसवून देणार आणि मी तिला स्टेशनवर घ्यायला जाणार. आई जाऊन चार महिने झाले. तिच्या उशाशी बसून मी शब्द दिला होता की ठकीला दुसऱ्याच्या दारात वाढू देणार नाही. आता नोकरी लागली, खोली मिळाली. अर्धा शब्द तरी पाळला.

ही वही आईच्या नियमाप्रमाणे सुरू करते आहे: नवी जागा, नवी वही. दहा वर्षांच्या होईपर्यंत आम्ही दोघींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा. आई भांडी विसळता विसळता एखादी ओळ अर्धीच म्हणायची आणि थांबायची. जी ती पुरी करेल तिला लेखणी आधी. अर्धं वाक्य म्हणजे उघडं दार, असं ती म्हणायची, कुणीतरी आत यायलाच हवं. दुसरा नियम: हाती घेतलेलं पुस्तक अर्धं टाकायचं नाही, मग ते कितीही कंटाळवाणं असो.

ठकीने सहा वर्षांची असताना आमच्या दोघींपुरती एक ओळ केली होती. दार बंद असलं की बाहेरचीने म्हणायचं, ‘एका उशीवर डोकी दोन’. आतलीने म्हणायचं, ‘एक माझं, दुसरं कोण?’ मगच कडी निघायची. अजूनही आमचा फोन याच ओळीने सुरू होतो. मामी म्हणते, पोरी वेड्या आहेत.

गॅस तीनदा बघितला. बंद आहे.

४ ऑक्टोबर

कामाचा पहिला दिवस. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला दुरुस्तीची लांबट खोली आहे. खळीचा आंबूस वास, मोठी टेबलं, आणि भिंतीला लागून आजारी पुस्तकांच्या रांगा. माणसं मी धरून तीन. मोठ्या बाई आमच्या प्रमुख. तीस वर्षं इथेच आहेत. केस पांढरे, पण चेहरा असा की काळजीला त्यांचा पत्ताच सापडला नसावा. कागद कापायचं भलंमोठं यंत्र चालवतात ते कटरकाका. मी स्वतःची ओळख करून देत होते तर मध्येच म्हणाले, अगं, इथे आम्ही कुणी डॉक्टर नाही, शिंपी आहोत. फाटलं की टाका घालायचा, नाडी बघायची नाही.

बाईंनी स्वतः शिवण शिकवली. पानांच्या घड्या एकात एक बसवायच्या, पाठीतून सुई काढायची, प्रत्येक घडी शेजारच्या घडीला बांधायची. ज्याने पुस्तक दुरुस्त केलं त्याचा दोरा ओळखू यावा म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. बाईंचा निळा. मी पिवळा घेतला. आणखी एक पद्धत कळली, आणि ती मला फार आवडली. पुस्तकाची पानं हरवली असतील तर तितकीच कोरी पानं त्या जागी शिवायची. जागा धरून ठेवायची, असं बाई म्हणाल्या. कधी दुसरी प्रत मिळाली तर मजकूर उतरवून घेता येतो.

९ ऑक्टोबर

आज वाईट दिवस. लिहावं की नाही असं झालंय. पण लपवलं तर वही कशाला ठेवायची?

एका पुस्तकात परतीच्या तारखेची चिठ्ठी निघाली आणि मला रडूच आवरेना. आई गेली त्या सकाळी मी घरी नव्हते. ग्रंथालयाच्या पुस्तकाची मुदत त्या दिवशी संपत होती आणि मी ते परत करायला गेले होते. आजवर माझं एकही पुस्तक उशिरा गेलं नाही! आई ‘जा’ म्हणाली होती. म्हणजे, मला वाटतं म्हणाली. वीस मिनिटांत परत आले तर ठकी दारात उभी होती.

हे सगळं मी बाईंना सांगून बसले. आईची शाळा, तिचे नियम, ठकी, सगळंच. चार दिवसांच्या ओळखीत! बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग खालच्या कपाटातून एक कादंबरी काढून दिली. पुठ्ठा गेलेला, पहिलं पान गेलेलं, त्यामुळे नाव नाही. म्हणाल्या, ही दुरुस्तही कर आणि घरी नेऊन वाचही. मी खचले होते तेव्हा हिनेच मला उभं केलं. नोंद न करता पुस्तक घरी कसं न्यायचं, असं विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी लाखात एक.

कटरकाका मात्र यंत्राआडून बोलले की शिंप्याने गिऱ्हाइकाचे कपडे अंगात घालून बघू नयेत. बाई त्यांना म्हणाल्या, तुम्ही आपली सुरी सांभाळा.

१३ ऑक्टोबर

किती दिवसांनी सलग झोपले!

कादंबरीत फारसं काही घडत नाही. एका स्टेशनवर सामान ठेवायची खोली आहे आणि ती सांभाळणारी एक मावशी. उतारू येतात, कुणाच्या हातात ट्रंक, कुणाच्या काखेत बोचकं. मावशी आत कसलं सामान आहे हे विचारत नाही. ‘ठेव इथे, मी आहे ना,’ एवढंच म्हणते. माणसं मोकळ्या हातांनी बाहेर पडतात आणि कितीतरी दिवसांनी त्यांना फलाटावरची झाडं दिसतात. प्रत्येक प्रकरणात नवा माणूस. ‘ठेव इथे, मी आहे ना’ आलं की माझे खांदे आपोआप खाली येतात. काल भाजी चिरताना मीच ते स्वतःला म्हटलं.

पण शेवट नाही. एका वाक्याच्या मध्यावरच पुस्तक संपतं, एक घडी गळाली आहे. आईच्या नियमाने माझी पंचाईतच झाली. मग आज कामावर चांगला जाड कागद घेऊन सोळा कोरी पानं मोजून शिवली. पिवळा दोरा, एकसारखे टाके. बाईंनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, छान जागा केलीस. उघडी पाठ पाहताना एक गंमत दिसली. शेवटच्या पाच-सहा घड्यांचा दोरा निरनिराळ्या रंगांचा आहे. माझ्याआधीची घडी निळी. म्हणजे माझ्याआधीही कुणीकुणी हिला शिवलं आहे.

१७ ऑक्टोबर

एक विचित्र चूक. कोऱ्या पानांतली पहिली आठ कोरी नाहीत. छापील आहेत, तोच टाइप, तशीच विटकी शाई. मी शिवताना सोळा मोजली होती. की छापील पानं त्यात मिसळली? माझ्याकडून असं व्हावं याची लाज वाटली. दुसऱ्या क्षणी वाटलं, बरंच झालं, पुढचं वाचायला मिळतंय.

आणि काय प्रकरण आहे! एक मुलगी सामानखोलीत येते. तिच्या छातीशी ग्रंथालयाचं पुस्तक. आई आजारी असताना ती ते परत करायला गेलेली असते. मावशी ते पुस्तक तिच्या हातातून अलगद काढून घेते आणि सांगते, आईनेच तुला पाठवलं गं, मुलीसमोर जाणं तिच्या जिवावर आलं होतं. मग मागे वळून स्वयंपाकघर, टेबल, अर्ध्या ओळी म्हणणारी आई, विसळलेल्या भांड्यांचा आवाज. पानावर पाणी पडू नये म्हणून मी पुस्तक लांब धरून रडले. कुणीतरी माझ्याच मनातलं कसं लिहिलं?

मनावरचा दगड उतरला म्हणतात तो असा. उरला नाहीच. शोधूनही सापडत नाही.

२१ ऑक्टोबर

ठकीचा फोन. ओळीची देवाणघेवाण झाली. मग तिने विचारलं की आई भांडी विसळताना आपल्याला अर्ध्या ओळी घालायची, त्यातली घुबडाची ओळ कशी होती, परीक्षेच्या निबंधात घालायची आहे. मी म्हटलं, अगं, ते तर कादंबरीत आहे. तुझ्यापर्यंत कधी पोचली ती? ती हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, ताई, मी आईबद्दल बोलतेय. आपल्या.

मी आपली आई डोळ्यांसमोर आणायला गेले. टेबल दिसलं, भांडी दिसली. पण छापलेली. तिचा आवाज नाही. मग ही वही उघडून पहिली नोंद वाचली. ‘उशाशी बसून शब्द दिला होता’ असं माझ्याच अक्षरात आहे. कुठली खोली? कोणत्या बाजूला बसले होते? ती गेली तेव्हा मी कुठे होते? तेही लिहिलंय. दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचावी तसं वाचलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

दगड उतरला नव्हता. कुणीतरी नेला होता, आणि त्याच्याखाली होतं तेही.

२२ ऑक्टोबर

दुपारी बाई बाहेर गेल्या तेव्हा निळ्या दोऱ्याची घडी पुन्हा वाचली. सामानखोलीत एक बाई येते, तिच्या हातात मुलाची पत्रं. मुलगा डाव्या हाताने जेवतो, शिटी वाजवायला गेला की नुसती हवा निघते, भांडून दूर देशी गेलाय. ‘ठेव इथे, मी आहे ना.’

कटरकाकांना विचारलं की बाईंना मूलबाळ आहे का. त्यांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, मुलगा आहे. याच खोलीत टेबलाखाली खेळून मोठा झालाय. डावखुरा. दर महिन्याला त्याचं पत्र येतं आणि बाई त्यावर ‘पत्ता चुकला’ असं लिहून परत पाठवतात. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, राग असेल. पण राग असलेलं माणूस इतकं गोड हसतं का गं?

२३ ऑक्टोबर

मी ती घडी बाईंसमोर धरली. त्यांनी चष्मा लावून कौतुकाने वाचली. किती गोड मुलगा लिहिलाय, म्हणाल्या, मला फार आवडतो तो. मी म्हटलं, तो तुमचा आहे. त्या मनापासून हसल्या.

मग मी विचारलं, पुस्तक असं करतं हे तुम्हाला ठाऊक होतं का. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. हो, म्हणाल्या. माझं काय गेलं ते आठवत नाही, पण हलकं झालं एवढं नक्की. तू रडत होतीस, बघवेना. आणि चहा पुढे केला.

त्यांच्या जागी शत्रू असता तर मला भांडता आलं असतं. मी त्यांना आईसारखं सगळं सांगितलं होतं. केसाने गळा कापणं ते हेच असणार. फक्त इथे केसाऐवजी दोरा, आणि तोही माझाच, पिवळा. जागा मीच करून दिली. मोजून.

२५ ऑक्टोबर

आठ पानं कोरी उरली होती. आज नवव्या पानावर एक ओळ आली आहे.

‘एक बारा वर्षांची मुलगी आपल्या मामाकडे राहात असे.’

पुढे वाचलं नाही. पुस्तक मिटलं. कामावर जाऊन शिवण उसवली, माझी घडी वेगळी केली आणि काकांना म्हटलं, सुरीखाली घाला. काकांनी एकही विनोद केला नाही. पण यंत्राचं पातं धार लावायला गेलंय, उद्या सकाळी येईल. घडी त्यांच्या खणात ठेवली. कुलूप मी दोनदा ओढून बघितलं.

मी आईला सोडलं. आई गेलेलीच होती. ठकी आहे. ठकी जिवंत आहे, तिला दोन तारखेला यायचंय.

२६ ऑक्टोबर

बाई आज आमच्याआधी आल्या होत्या. खणाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. घडी पुन्हा पुस्तकात. निळा दोरा, आणि टाके माझ्यापेक्षा सुबक. म्हणाल्या, पोरी, पुस्तक असं अर्धं टाकतात का?

आईचं वाक्य. मीच त्यांना दिलेलं.

काका म्हणाले, बाई, हे बरं केलं नाहीत. बाईंना खरंच कळलं नाही. पुस्तक कुठे ठेवलंय ते सांगत नाहीत. म्हणतात, वाचून झालं की सुरीखाली घाल. आधी वाच.

२८ ऑक्टोबर

पुस्तक माझ्याकडे नाही, म्हणजे वाचणार नाही, म्हणजे ठकी सुरक्षित. असं मी समजत होते.

आज फोनवर ती म्हणाली, ‘एका उशीवर डोकी दोन’. आणि मला वेळ लागला. तीन-चार श्वास. मग आठवलं, म्हटलं. पण तिला कळलं. ताई, तू विसरलीस का गं, असं इतक्या हळू विचारलं!

वाचावं लागत नाही. पानं भरली की झालं.

मामाला फोन करून म्हटलं, इतक्यात पाठवू नका. तो भडकला. आईला शब्द देताना जीभ तुझीच होती ना, पोरीने दप्तराबरोबर उशीचा अभ्राही भरून ठेवलाय. खरं कारण सांगितलं तर म्हणाला, डॉक्टरला दाखव. तुझा पत्ता हातात देऊन दोन तारखेला मी तिला गाडीत बसवणारच, बघू काय करतेस.

२९ ऑक्टोबर

ठकीबद्दल, आठवतं तेवढं:
डाव्या भुवईवर खूण. कशाने झाली? झोपाळा? नाही, ते
पावाच्या कडा आधी खाते.
खोटं बोलताना गुणगुणते.
पायाची बोटं थंड. रात्री माझ्या पोटरीला लावते.
नाव (आईने ठेवलेलं, खरं):

नाव उद्या लिहीन.

३१ ऑक्टोबर

ग्रंथालय उघडायच्या आधी गेले. काकांनी दार उघडून दिलं. आम्ही दोघांनी कपाटं उपसली. पुस्तक बाईंच्या टेबलावर होतं, उघडंच. लपवलेलंसुद्धा नव्हतं. आठांपैकी सहा पानं भरलेली. मी डोळे मिटून काकांच्या हातात दिलं. सुरी खाली आली. आवाज झाला.

डोळे उघडले तर घडी कापली गेली होती. नीट, मधोमध. काकांनी तुकडे खळ शिजवायच्या चुलीत टाकले. माझा जीव भांड्यात पडला.

मग काकांनी विचारलं, आता कुठे आहे गं तुझी ठकी.
मी विचारलं, कोण

१ नोव्हेंबर

जाळायला नको होतं. तिथे तरी ती होती —

पानांत होती. वाचता आली असती. आता पानांतही नाही, माझ्यातही — फक्त या वहीत. वही वाचते आहे. पुन्हा. पुन्हा. ‘धाकटी’, ‘बारा वर्षांची’. शब्द कळतात.

बाई भेटायला आल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, बघ, किती हलकी दिसतेस.

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवते, मोठ्या अक्षरात. उद्या दुपारची गाडी. ती तुझी बहीण आहे. तुला आठवणार नाही. तरी जा. तू शब्द —

२ नोव्हेंबर

झोप छान झाली. ऊन चांगलं आहे. खोली एकटीला पुष्कळ मोठी आहे, आणि ही उशी तर हास्यास्पदच. घरमालकीणबाईंना देऊन टाकावी.

दारावर कुणीतरी कागद लावलाय. अक्षर माझ्यासारखं काढलंय. कटरकाकांची चेष्टा, दुसरं काय. काढून ठेवला.

साडेचार. दार वाजतंय. फटीतून बघितलं. एक मुलगी, पाठीला दप्तर, हातात पिशवी. घर चुकली असावी. आतूनच सांगितलं, खाली विचार. ती म्हणते, दोन तास स्टेशनवर उभी होते. मला ताई म्हणते. मी म्हटलं, बाळ, मी तुझी कुणी नाही. ती रडली नाही. रडली असती तर बरं —

डाव्या भुवईवर खूण आहे तिच्या. हे मी कुठे वाचलं —

खाली बसलीय, दाराला तोंड लावून. हळूच काहीतरी म्हणते आणि थांबते. पुन्हा तेच, पुन्हा थांबते. जसं पुढचं आतून कुणी म्हणायचं असतं.

एका उशीवर डोकी दोन —

येतं मला हे. जिभेवर आहे. एक हात कडीवर आहे, दुसऱ्याने लिहिते आहे, लिहिता लिहिता येईल, अर्धं वाक्य म्हणजे — थांब, जाऊ नको, पायऱ्या उतरू नको, येतंय मला —

एक माझं, दुसरं